‘इनरएचटीएमएल असताना क्रिएटएलिमेंट कशाला?’

लातूर-नांदेडकडे वेबपाने बनवायला शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे: ‘क्रिएटएलिमेंट जुने झाले, शिवाय संथ आहे, पानावर नवे घटक आणायला इनरएचटीएमएल पुरते, आणि त्यातून घातलेली स्क्रिप्ट चालत नसल्याने धोकाही नाही.’ (दोन्ही जावास्क्रिप्टमधली, पानात बदल करण्याची साधने: क्रिएटएलिमेंट एकेक घटक सुटा घडवते, तर इनरएचटीएमएल घटकाच्या आतला सगळा मजकूर टॅगांसह, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणांसह, एकदम लिहिते. स्क्रिप्ट म्हणजे पानात चालणारा प्रोग्रॅम.) यातले शेवटचे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच तेच अधिक फसवे आहे.

वयाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. इनरएचटीएमएल मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ सोबत आणले. क्रिएटएलिमेंट ज्या डॉम (स्क्रिप्टने पानाची रचना हाताळण्याची पद्धत) लेव्हल १ मानकात आहे, ते १९९८ चे.

‘पुरते’ म्हणणाऱ्यांनी माझी फजिती ऐकावी. एका आडत दुकानासाठी मी सोयाबीनच्या आवकेची नोंद करणारे पान केले होते आणि ‘ओळ वाढवा’ हे बटण दाबले की तक्त्याच्या इनरएचटीएमएलला += या ‘आहे त्याला जोडा’ अशा खुणेने नवी ओळ जोडत होतो. मुनीमजींनी पहिल्या ओळीत ४८ कट्टे लिहून बटण दाबले; नवी ओळ आली, पण ४८ गायब झाले. याचे कारण असे की += मागे काही जोडतच नाही: ब्राउझर आधीची सगळी रचना मजकुरात उतरवतो, त्याला नवा तुकडा चिकटवतो आणि जुने घटक टाकून देऊन सारे पुन्हा बांधतो. रकान्यात टाइप केलेला आकडा त्या मजकुरात उतरत नाही, आणि ॲडइव्हेंटलिसनरने जोडलेली (बटण दाबल्यावर वगैरे चालणारी) कामेही जुन्या घटकांबरोबरच जातात. क्रिएटएलिमेंटने ओळ घडवून अपेंडने जोडली, तेव्हा आधीच्या ओळींना धक्का लागला नाही. (आधीचे न मोडता टॅगांचा मजकूर घालणाऱ्या इनसर्टॲडजेसंटएचटीएमएलनेही हे साधले असते, हे मान्य.)

वेगाचेही तसेच. प्रत्येक अपेंडनंतर पान नव्याने रंगवले जाते, हा गैरसमज आहे. मध्येच कोणा घटकाची उंची-रुंदी विचारली नाही, तर ब्राउझर मांडणीचे काम स्क्रिप्ट संपेपर्यंत राखून ठेवतो. उलट += ने एकेक करून ५०० ओळी घातल्या, तर जुन्याच ओळी एकूण १,२४,७५० वेळा पुन्हा बांधाव्या लागतात. संपूर्ण मजकूर तयार करून एकदाच इनरएचटीएमएलला दिला, तर मात्र माझी तक्रार नाही.

राहिला धोका. इनरएचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, हे खरे. पण खोटा पत्ता दिलेल्या चित्राच्या टॅगमधली ऑनएरर (चित्र सापडले नाही की चालणारी) आज्ञा बिनदिक्कत चालते. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात कोणी असा टॅग भरला आणि ते नाव इनरएचटीएमएलने यादीत दाखवले, तर यादी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती आज्ञा चालेल. तेच नाव टेक्स्टकंटेंट या फक्त साधा मजकूर लिहिणाऱ्या साधनाने लिहिले, तर टॅगचे कंस नुसती अक्षरे म्हणून पडद्यावर दिसतात.