‘चीनच्या इव्हीचा फुगा फुटला’ म्हणे! कुठे फुटला?

गेल्या काही दिवसांपासून एक लांबलचक मेसेज फिरतोय. चिनी इलेक्ट्रिक गाड्या फक्त सरकारी सबसिडीवर स्वस्त आहेत, कोणी घेत नाही म्हणून हजारो नव्याकोऱ्या गाड्या शेतात सडतायत, टेक्नॉलॉजी सगळी चोरीची, अमेरिका-युरोपने टॅरिफ (आयात कर) लावून खेळ खल्लास केला, आणि आपल्याकडे काश्मीरात ५९ लाख टन लिथियम सापडलंय त्यामुळे दोन वर्षांत जगातली सगळ्यात स्वस्त बॅटरी भारतात बनणार. शेवटी सल्ला, की इंजिनच्या धंद्याला अजून पन्नास वर्षं मरण नाही. आमच्या दाजींनी हा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "म्हणूनच म्हणत होतो, घाई नको." दाजींचं भोसरीत वर्कशॉप आहे, पिस्टन पिन आणि व्हॉल्व्ह गाइडचं जॉबवर्क. दुसऱ्या कोणी टाकला असता तर सोडून दिलं असतं, पण ज्यांचं घर इंजिनच्या पार्टवर चालतं त्यांनी असल्या मेसेजवर विसंबून पुढची पाच वर्षं ठरवायची हे मला बघवत नाही, म्हणून लिहितोय.

आधी त्या शेतातल्या गाड्या. व्हिडिओतली जागा हांगझोऊची आहे, गाड्या खऱ्या आहेत, गवतही खरं आहे. पण त्या न विकलेल्या नव्या गाड्या नाहीत. त्या बहुतेक बुडालेल्या टॅक्सी आणि कार-शेअरिंग कंपन्यांच्या जुन्या, कमी रेंजच्या गाड्या आहेत, ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेचे पत्रकार २०२३ मध्ये तिथे जाऊन हेच लिहून आले. आणि "कोणी घेत नाही" म्हणणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा, म्हणजे आयईएचा २०२५ चा इव्ही अहवाल उघडून बघावा, फुकट आहे. २०२४ मध्ये जगात १.७ कोटींच्या वर इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या १.१ कोटींच्या वर एकट्या चीनमध्ये, तिथे विकली गेलेली जवळपास दर दुसरी कार इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन हायब्रिड (चार्जिंग आणि इंजिन दोन्हीवर चालणारी). याला फुगा फुटणं म्हणतात का?

सबसिडीचं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या संस्थेने २००९ ते २०२३ मधली चीन सरकारची मदत किमान २३० अब्ज डॉलर काढलीय, ही काही किरकोळ रक्कम नाही. शिवाय तिथलं प्राइस वॉर इतकं टोकाला गेलं की सप्लायरचे पैसे महिनोन्महिने अडकले आणि जून २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांना ६० दिवसांत पेमेंट करू असं जाहीर वचन द्यावं लागलं. अडकलेलं पेमेंट काय असतं हे दाजींना मी सांगायला नको. पण गाडी घेणाऱ्याला मिळणारी केंद्र सरकारची थेट सबसिडी २०२२ अखेर बंद झाली आणि विक्री त्यानंतरही वाढतच गेली. युरोपियन युनियनने कोणाला किती सबसिडी मिळते याची वर्षभर चौकशी करून त्या हिशोबाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जी जादा ड्यूटी लावली ती बीवायडी या चिनी कंपनीवर १७ टक्के, एसएआयसी या दुसऱ्या चिनी कंपनीवर ३५.३ आणि शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लावर ७.८ टक्के. सगळा स्वस्तपणा सबसिडीचाच असता तर हे आकडे एवढे वेगवेगळे आले नसते. बीवायडी १९९५ पासून बॅटरी बनवतेय, गाड्यांच्या धंद्यात आली २००३ मध्ये, म्हणजे गाडीतला सगळ्यात महाग पार्ट, बॅटरी, ती घरातच बनवते. फरक तिथे पडतो.

चोरीबद्दल एवढंच, की २०२३ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगनने शाओपेंगमध्ये ७० कोटी डॉलर आणि फियाट-प्यूजोवाल्या स्टेलँटिसने लीपमोटरमध्ये १५० कोटी युरो घातले, या दोन्ही चिनी इव्ही कंपन्या, ते चिनी टेक्नॉलॉजी आणि गाड्या आपल्याला मिळाव्यात म्हणून. टॅरिफचं म्हणाल तर अमेरिकेने १०० टक्के लावला, पण तिथे चिनी इव्ही आधीही नावालाच होत्या.

आता लिथियम. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा आहे, कारण देशाभिमानाच्या नावाखाली माणसाला गाफील ठेवायचं काम तो करतो. जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियम असल्याचं भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं, बरोबर. पण ५९ लाख टन हा आकडा जी-३ पातळीचा आहे, म्हणजे प्राथमिक अंदाज, खाणकाम परवडेल की नाही हे त्यातून कळतच नाही. त्या ब्लॉकचा लिलाव काढला तर तीन पात्र बोलीदारसुद्धा मिळाले नाहीत, मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. हे त्या मेसेजमध्ये का नाही?

आणि समजा उद्या निघालं लिथियम, तरी पुढे काय? शेतात ऊस उभा आहे म्हणून घरात साखर येत नाही, मध्ये कारखाना लागतो. जगात सगळ्यात जास्त लिथियम खणतो ऑस्ट्रेलिया, आणि त्यातला बहुतेक माल शुद्ध करायला चीनलाच जातो. मग सेलच्या आतले भाग, म्हणजे कॅथोड, ग्राफाइटचा अ‍ॅनोड, सेपरेटर, मग बॅटरीचा सेल, आणि आयईएच्याच म्हणण्याप्रमाणे जगातल्या चारपैकी तीन बॅटऱ्या चीनमध्ये बनतात. नुसते पैसे ओतून हे जमत असतं तर स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीला जमलं असतं. टेस्लातून बाहेर पडलेली माणसं, १५ अब्ज डॉलरच्या आसपास भांडवल, फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या ऑर्डरी, सगळं हातात होतं. पण प्रॉडक्शन ठरल्याप्रमाणे निघेना, बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची ऑर्डर काढून घेतली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सेलच्या लाइनवर रिजेक्शन खाली आणायला वर्षं जातात, तिथे दोन वर्षांत जगातली सगळ्यात स्वस्त बॅटरी कोण आणि कुठे बनवणार?

आपण किती अवलंबून आहोत ते बघायला लांब जायला नको. महिंद्राची बीई ६ ही इलेक्ट्रिक कार चाकणला बनते, तिच्यातले सेल बीवायडीचे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे इव्हीच्या मोटरमधल्या खास चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि जुलैपर्यंत बजाजला सांगावं लागलं की इलेक्ट्रिक चेतकचं प्रॉडक्शन थांबू शकतं. ती स्कूटर आकुर्डीला बनते, दाजींच्या वर्कशॉपपासून तासाभराच्या आत!

दाजी, घाई नको हे तुमचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. भारतात इलेक्ट्रिक कारचा वाटा अजून एक आकडी टक्क्यांत आहे, सीएनजी आणि हायब्रिडमध्येही पिस्टन असतोच, पिनच्या ऑर्डरी उद्या बंद होत नाहीत. पण इव्हीत पिस्टन पिन नाही आणि व्हॉल्व्ह गाइडही नाही, आणि नवा पार्ट म्हटला की ट्रायल लॉट, सॅम्पल अप्रूव्हल, ऑडिट यात सहज वर्ष निघून जातं. मोटरचा शाफ्ट मात्र असतो, त्यालाही टर्निंग आणि ग्राइंडिंगच लागतं, मशीन तुमच्याकडे आहे, माणूस आहे, मायक्रॉनमध्ये काम करायची सवय आहे. चाकणच्या ज्या कस्टमरला तुम्ही पिना देता त्याच्या परचेसला यावेळी शेड्यूल घ्यायला जाल तेव्हा शाफ्टचं एखादं ड्रॉइंग मागून बघा. कोटेशन करायला बसाल तेव्हा मला बोलवा, मी येतो.