सीट स्विचला जम्पर लावा म्हणे!

‘राइडिंग मॉवरची सर्व्हिस घरच्या घरी, वीस मिनिटांत’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. राइडिंग मॉवर म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. दाजींनीही तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘रविवारी करून टाकू का?’ नका करू. पाच मुद्दे आहेत. एक अर्धा बरोबर आहे, एक जिवावर बेतणारा आहे. आधी तोच घेतो.

‘धक्क्याला मशीन बंद पडत असेल तर सीट स्विच बायपास करा.’ म्हणजे वायरच्या तुकड्याचा जम्पर लावून सीटखालचा स्विच निकामी करा. अहो, पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला की इंजिन बंद पाडायचं, हेच तर त्या स्विचचं काम! अमेरिकेच्या एएनएसआय बी71.1 या मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त 19,000 फूट ठरवलाय. म्हणजे ताशी जवळजवळ 350 किलोमीटर. चालक उठला की पाती थांबलीच पाहिजेत, हीसुद्धा त्याच मानकाची अट आहे. उतारावर माणूस खाली पडला आणि स्विचला जम्पर असला, तर मशीन पाती फिरवत तशीच पुढे जाणार.

बंद पडण्याचं कारण शोधा ना. सीट उचला, खालचा कनेक्टर ओढून बघा. पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मग मल्टिमीटर लावून स्विच दाबा-सोडा. कंटिन्युइटी (जोड आहे की तुटला) बदलत नसेल तर स्विच गेला, नवा घाला. स्विच ठीक निघाला तर सीटची स्प्रिंग दबलेली असते किंवा वायर चेसिसला घासून सोलवटलेली असते. चार पिनांच्या बऱ्याच स्विचमध्ये एक जोडी सीट दाबल्यावर जुळते, दुसरी सुटते. तिथे जम्परने चुकीच्या पिना जोडल्या तर मशीन कदाचित सुरूच होणार नाही, आणि सुरू झालं नाही तर नशीबच म्हणायचं. दुरुस्तीनंतर मोकळ्या सपाट जागी ब्रेक लावून पाती चालू करा आणि पाय फुटबोर्डवरच ठेवून सीटवरून जरा उठा. इंजिन बंद पडलंच पाहिजे.

पात्याचं काम करताना म्हणे ‘किल्ली काढली की पुरे, प्लगची वायर काढायला नको.’ अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ढकलायच्या मॉवरसारखं इथे पातं थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) नसतं, पट्ट्यावर चालतं, म्हणून पातं हलवलं तरी इंजिन सहसा फिरत नाही. पण किल्ली बंद केल्यावर मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारा भाग) फक्त एका वायरने अर्थिंगला जोडला जातो. ही अर्थिंगची वायर तुटलेली असली तर फ्लायव्हील फिरताच ठिणगी पडू शकते. म्हणून प्लगची वायर काढायचीच. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही. बॅटरीची निगेटिव्हही काढा. आणखी एक: दोन-तीन पाती बहुधा एकाच पट्ट्यावर असतात. एकाला पाना लावून फिरवलं की शेजारचंही फिरतं, आणि बोट तिथेच असतं. पातं लाकडी ठोकळ्याने अडवा, जाड हातमोजे घाला.

‘जॅकवर चढवा आणि खाली सरका.’ जॅक उचलण्यापुरता. सील गळलं की तो बसतो. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढच्या ॲक्सलखाली स्टँड द्या. त्याहून बरं म्हणजे डेकच (पाती बसवलेला खालचा भाग) काढून बाहेर ओढा. बऱ्याच मॉडेलमध्ये पट्टा उतरवून थोड्या पिना काढल्या की सुटतो. मशीन कुशीवर आडवी तर अजिबात करू नका, ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं.

‘पात्याला वस्तऱ्यासारखी धार लावा.’ छे! इतकी पातळ धार पहिल्याच खड्याला दुमडते. मूळ कोन राखून कानस मारा, कडेला अर्धा मिलिमीटर जाडी राहू द्या. मग मधल्या भोकातून पातं खिळ्यावर अडकवा. जी बाजू खाली जाईल तिचं थोडं लोखंड काढा. तोल बिघडलेलं पातं स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं) बेअरिंग खातं. पात्याचा बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळा.

‘ऑइल बदलू नका, वरून भरत राहा.’ यावर काय बोलायचं? नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल सहसा 5 ते 8 तासांत बदलतात. पुढे साधारण 50 तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. इंजिन कोमट असताना काढा, तळाचा गाळही सोबत येतो.