पंचगंगेच्या पाण्यात पंच्याण्णव लिटर

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे आणि लाट पाहायची झाली तर गगनबावड्यापर्यंत जाऊन तिथून अख्खा घाट उतरावा लागतो, हे मला सांगायचे कुणी बाकी ठेवलेले नाही. शेजाऱ्यांनी सांगितले, सासऱ्यांनी सांगितले, दुधाचा रतीब घालणाऱ्याने तर हातातली किटली खाली न ठेवता सांगितले. तरीही उभ्याने वल्हवत लाटेवर स्वार होण्याची फळी, जिला जगभर ‘स्टँड-अप पॅडल बोर्ड’ किंवा थोडक्यात ‘सप’ म्हणतात, ती मी करवून घेतली. आणि तीही हवा भरून फुगवायची, रुंद, समंजस, पर्यटकांच्या नातवंडांनाही सहज उभे करणारी नव्हे, तर लाटेवर झपकन वळणारी, आखूड आणि अरुंद, म्हणजे ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणवली जाणारी.

या खेळाच्या घराण्याबद्दलही एकमत नाही. वायकिकीच्या किनाऱ्यावरचे जुने सर्फर कधीकाळी हातात वल्हे घेऊन फळीवर उभे राहत असत आणि या शतकाच्या आरंभी लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांच्यासारख्या हवाईच्या मंडळींनी त्या प्रकाराला नवा जन्म दिला, इथपर्यंत सारे ठीक आहे. पण खेळ लोकप्रिय होताच सर्फिंगचा जागतिक महासंघ म्हणू लागला की यात फळी आहे, तेव्हा हा आमचा. आणि कनूइंगचा महासंघ म्हणू लागला की यात वल्हे आहे, तेव्हा हा आमचा. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेले आणि २०२० साली निकाल लागला की ऑलिंपिकच्या पातळीवर कारभार सर्फिंगवाल्यांचा, मात्र कनूइंगवाल्यांनीही आपल्या स्पर्धा भरवायला हरकत नाही. म्हणजे सातबारा थोरल्याच्या नावावर आणि वहिवाट दोघांची. करवीर तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

अशा बोर्डाच्या रचनेतली मेख एवढीच आहे की माणसाला उभे राहायला जे जे लागते, ते ते बोर्डाला वळायला अडचणीचे ठरते. रुंदी असली की पाय स्थिर राहतात, पण मग बोर्ड कडेवर कलत नाही. लांबी असली की तो सरळ आणि निवांत सरकतो, पण त्याला वळवायला निम्मी लाट खर्ची पडते. जाडी असली की तो आपल्याला अलगद उचलून धरतो, पण मग त्याची कड पाण्यात शिरायलाच तयार होत नाही. त्यामुळे रचनाकार एकेक सोय काढून टाकत जातो आणि शेवटी जे काही उरते, त्यावर ग्राहकाने उभे राहायचे असते. बोर्ड वेगात असला की खालचे पाणी त्याला वर उचलते आणि मग तो कमालीचा शहाण्यासारखा वागतो. थांबला की मात्र तो बुडतो, डुलतो आणि कुठल्या बाजूला आपल्याला टाकावे याचा विचार करत राहतो. ज्या गावात पाणी बहुतेक काळ थांबलेलेच असते, त्या गावी असा बोर्ड बाळगण्यातली गंमत वाचकांच्या ध्यानात आली असेलच.

सुरुवात वजनापासून होते. एक लिटर गोडे पाणी बाजूला सारले की एक किलो वजन तरंगते, हा आर्किमिडीजचा हिशेब सर्वांनी शाळेत पाठ केलेला असतो. पण त्यात स्वतःला घालायची वेळ आली की भल्याभल्यांचे आकडे हलू लागतात. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतले, बोर्ड करून देणारे आमचे मिस्त्री माझ्या तोंडी आकड्यावर विसंबले नाहीत. त्यांनी मला ज्या काट्यावर कास्टिंग तोलतात त्यावर उभे केले आणि पोऱ्याला मोठ्याने सांगितले, “ब्याऐंशी. लिही.” त्यात सात किलोचा बोर्ड आणि किलोभर वल्हे व ओले कपडे धरून नव्वद झाले. आम्ही घनफळ ठरवले पंच्याण्णव लिटर. म्हणजे मी उभा राहिल्यावर अख्ख्या बोर्डातले पाच लिटर तेवढे पाण्याच्या वर राहणार, बाकी सारा संसार पाण्याखाली. खाऱ्या पाण्याची घनता थोडी जास्त असल्याने समुद्र त्यावर जवळजवळ अडीच किलोची सवलत देतो. पंचगंगा अशी कुठलीही सवलत देत नाही.

आठ फूट दोन इंच लांब, अठ्ठावीस इंच रुंद, चार इंच जाड अशी मापे कागदावर आली आणि थर्माकोलचा ठोकळा टेंपोतून आणायची वेळ आली. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असल्यामुळे, गणपतीच्या तोंडावर एवढा मोठा पांढराशुभ्र ठोकळा उघड्या टेंपोतून शहरातून नेणे म्हणजे कपाळावर गुन्हा लिहून फिरण्यासारखेच होते. प्रत्येक सिग्नलला कुणीतरी हळूच विचारायचे, “कुठलं मंडळ?” हा बोर्डाचा गाभा आहे, असे मी सांगत असे आणि समोरचा अत्यंत समजूतदारपणे मान डोलावत असे.

उद्यमनगराचा एक मोठा फायदा असा की तिथे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत आणि वक्र रेषेशी त्यांचे पिढीजात सख्य आहे. बोर्डाचे नाक पाच इंच वर उचललेले आणि शेपूट अडीच इंच, असा तळाचा जो बाक असतो त्याला ‘रॉकर’ म्हणतात. तो नसेल तर उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसते आणि स्वार नाकापुढे जातो. पॅटर्नवाल्या काकांनी माझे रेखाटन पाहिले, पेन्सिल कानावरून काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “आकसणार किती?” ओतीव लोखंड थंड होताना आकसते, म्हणून त्यांचा प्रत्येक फर्मा मूळ वस्तूपेक्षा थोडा मोठा असतो. हे आकसत नाही, असे मी म्हटल्यावर त्यांची माझ्या एकूण प्रकल्पावरची श्रद्धा बरीच कमी झाली. पण प्लायवूडचे दोन फर्मे त्यांनी असे काढले की ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना ते ठोकून, त्यांच्यावरून तापलेली नायक्रोमची तार ओढली तेव्हा थर्माकोल लोण्यासारखा न म्हणता अगदी थर्माकोलसारखाच, सपासप आणि थोडा धूर सोडत कापला गेला.

कडांच्या बाबतीत मात्र वाद झाला. पुढच्या भागात कड गोल हवी आणि शेपटाकडे येताना तिला खालच्या अंगाने धारदार कोर हवी, असे मी सांगितले, मिस्त्रींना सगळीकडे एकसारखी गोलाई हवी होती, कारण “दिसायला बरं.” शेवटी चहाचा चमचा घेऊन आम्ही नळाशी गेलो. नळाची बारीक धार सोडून चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरला आणि त्याची फुगीर पाठ धारेला नुसती टेकवली, की चमचा दूर ढकलला जाण्याऐवजी धारेकडे ओढला जातो, कारण पाणी गोलाईला चिकटून वळते. बोर्डाच्या शेपटालाही पाणी असेच चिकटून बसले तर वेग मरतो; धारदार कोर आली की पाणी तिथे तुटते आणि बोर्ड मोकळा होतो. मिस्त्रींनी तो प्रयोग स्वतः केला, मग पोऱ्याला करायला लावला, मग शेजारच्या लेथवाल्याला बोलावून दाखवला. त्या दिवशी बोर्डाचे काम पुढे सरकले नाही, पण कोर मिळाली.

फिनचे, म्हणजे शेपटाखाली माशाच्या परासारख्या लावतात त्या पात्यांचे, काम सोपे निघाले. सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८० साली सर्फबोर्डासाठी सारख्या आकाराच्या तीन फिनची मांडणी पुढे आणली आणि १९८१ मध्ये त्याच मांडणीवर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. तेव्हापासून जगातले बहुतेक चपळ बोर्ड याच वाटेने गेले आहेत. यातल्या बाजूच्या दोन फिन समांतर नसतात, त्यांची पुढची टोके किंचित आत वळलेली असतात. हे कसे पटवायचे या विवंचनेत मी होतो, तर मिस्त्री म्हणाले, “टो-इन द्यायचंय म्हणा की. गाडीच्या चाकाला देतो तसं.” एवढ्यावर विषय संपला.

फायबरचा थर देणाऱ्याने मला एक दृश्य दाखवले, ते मी विसरणार नाही. त्याच्याकडे बसचे भाग आणि पाण्याच्या टाक्या करताना वापरतात ते पॉलिस्टर रेझीन होते. त्याने थर्माकोलच्या तुकड्यावर त्याचा एक थेंब टाकला. थेंब क्षणभर चमकला, मग त्याच्याखालचा थर्माकोल निमूटपणे खचू लागला आणि पाहता पाहता तिथे बोट जाईल एवढा खड्डा पडला. “खातंय ते,” तो म्हणाला, “पॉलिस्टरात स्टायरीन असतंय, आणि तुमचा थर्माकोल बी त्याच खानदानातला.” तेव्हा स्टायरीन नसलेले इपॉक्सी रेझीन आणणे आले, ते दुप्पट महाग होते हेही ओघाने आले, आणि कपात जास्त वेळ ठेवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून गोठते म्हणून दिवस कलल्यावर थोडे थोडे कालवून लावणेही आले.

प्रत्यक्ष स्वारीचा पहिला अंक पंचगंगेवर झाला. राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असताना वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ पसरते, आणि तेच माझ्या बोर्डाच्या प्रकृतीला सर्वांत मानवणार नाही असे पाणी होय. घाटावर सकाळी म्हशी धुणारे, वाकळा धुणाऱ्या बायका, तालमीतून आंघोळीला आलेले पैलवान आणि पाठीला डबा बांधून पोहायला शिकणारी पोरे असा जाणकार प्रेक्षकवर्ग असतो. यांपैकी डबा बांधलेली पोरे मला सतत ओलांडून पुढे जात. वल्ह्याचे पाते दांड्याशी दहा अंशांच्या आसपास पुढे झुकलेले असते आणि पाहणाऱ्याला ते हमखास उलटे धरल्यासारखे वाटते. त्यामुळे घाटावरच्या प्रत्येकाने एकदा तरी “वल्हं उलटं धरलंय, सुलटं करा” असे ओरडून सांगितले. दहा अंशांचे कारण समजावून सांगायला तोंड उघडावे, तर तेवढ्यात बोर्ड खालून निघून जाई आणि तोंडात पाणी येई.

पडण्यालाही शास्त्र आहे. माणूस खाली पायांकडे पाहतो, गुडघे ताठ होतात, बोर्ड डावीकडे कलतो, माणूस उजवीकडे सावरतो, तोवर बोर्डाने विचार बदललेला असतो. याहून अवघड प्रकार केंदाळाचा. जलपर्णीचा एक झुबका तीन फिनमध्ये अडकला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि स्वार मात्र ठरलेल्या वेगाने पुढचा प्रवास एकटाच करतो. वाहत्या पाण्यात आणि गाळात बोर्डाची दोरी घोट्याला बांधणे धोक्याचे असते, कारण ती कशात गुंतली तर वाकून सोडवता येत नाही. म्हणून ती कमरेच्या पट्ट्याला, एका ओढीत सुटणाऱ्या कडीने लावलेली होती, आणि अंगात लाइफ जॅकेट होते. या पोशाखात मला पाहून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, पुराला अजून अवकाश आहे.”

घाटावरच्या साऱ्या सल्ल्यांत कामाचा सल्ला एकाच माणसाचा होता. तालमीचे वस्ताद, वजन एकशे दहा किलो, कान मोडलेले, रोज पायरीवर बसून अंग चोळता चोळता माझे पडणे पाहत. एके दिवशी ते म्हणाले, “गुडघं मोडा की ओ. सरळ उभारलेला गडी पडायलाच उभारलाय. आन् पायाकडं बघू नका, समोरच्याच्या छातीकडं बघा.” समोर छाती नव्हती, तेव्हा मी पलीकडच्या काठावरच्या म्हशीकडे पाहू लागलो. सर्फिंगचे सारे शिक्षक नेमके हेच सांगतात: गुडघे सैल, नजर दूर, आणि वल्ह्याचे पाते होता होईतो पाण्यात, कारण पाण्यात दाबलेले पाते हाच तिसरा पाय असतो. म्हैस जागची हलली नाही तोवर मी उभा होतो.

मग पावसाळ्याआधीच्या बेताच्या लाटा गाठून आम्ही मालवणकडे निघालो. थर्माकोलच्या बोर्डात हवा अडकलेली असते, ती उन्हात प्रसरण पावते आणि वरचे कवच सुटू शकते, म्हणून बोर्डाला हवा सुटण्यासाठी एक बारीक बूच ठेवतात; गाडीच्या टपावर ते सैल हवे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी घट्ट. त्यामुळे घरातून निघताना “गॅस बंद केला का?” आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर “बूच लावलं का?” असे दोन प्रश्न आमच्या प्रवासाला कायमचे चिकटले. किनाऱ्यावर रापण ओढून झालेले एक वयस्कर मच्छीमार बोर्डाभोवती फेरी मारून आले. त्यांच्या होडीला कलंडू नये म्हणून एका अंगाला आडव्या लाकडांवर उलांडी बांधलेली असते. ते वाकून बोर्डाच्या दोन्ही बाजू पाहत म्हणाले, “ह्येका उलांडी नाय?” मी नाही म्हणालो. “मगे पडतलास,” ते म्हणाले आणि जाळे आवरायला गेले. लोझानच्या लवादानेही इतका चटकन निकाल दिला नसता.

पडलो, ते सांगायला नको. पण मधेच एक लाट अशी आली की तिने शेपूट उचलले. मी एकाच बाजूने जोरात वल्हवले, मागचा पाय फिनवर सरकवला, आणि तो मूर्तिमंत आडमुठा बोर्ड, ज्याने पंचगंगेत मला वल्ह्यासह आणि वल्ह्याविना सर्व दिशांना फेकले होते, अकस्मात पायाखाली टणक झाला. वल्हे आतल्या बाजूला टेकवून टाचेवर भार दिला, तर अठ्ठावीस इंच रुंदीच्या बोर्डाची ती कड पाण्यात शिरली, शेपटाने पाणी तोडले आणि बोर्ड वळला. मला वळवण्याची आज्ञा पुरी करायचीही फुरसत मिळाली नाही. काठावर सौभाग्यवतींनी व्हिडिओ काढला होता. त्यात त्यांचा अंगठा आणि मागे सुंदर समुद्र आहे.

परतल्यावर घाटावर ही हकिकत सांगितली, तेव्हा वस्तादांनी अंगावरचा पंचा सोडला आणि म्हणाले, “बघू, आणा इकडं.” पंच्याण्णव लिटर, एकशे दहा किलो आणि वर बोर्डाचे सात, हा हिशेब मी त्यांना अदबीने समजावला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि कमरेएवढ्या पाण्यात बोर्डावर चढले. बोर्डाने थोडाही प्रतिकार न करता खाली जायला सुरुवात केली, तळ गाठला आणि तिन्ही फिन चिखलात रुतल्या. वस्ताद वितभरही डुलले नाहीत. गुडघे मोडलेले, नजर पलीकडच्या म्हशीवर, पाण्याच्या वर नुसते मांड्यांपासून दिसत ते मला म्हणाले, “हे बघा. कुठं हलतंय?”