इंजिनिअरिंगची मोजपट्टी या विषयाला लावू नका

गेले दोन महिने घरात एकच विषय चाललाय. भाचीला बारावीनंतर इंटरनॅशनल रिलेशन्स (आयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) शिकायचंय, मग ब्रिटनला पाठवायचं की अमेरिकेला? इथे नाशिकला गंगापूर रोडवर कोणीही भेटलं की सल्ला देतं आणि सगळ्यांचा सल्ला एकच, अमेरिका, कारण त्यांचा मुलगा तिकडे एमएस करून नोकरीला लागलाय. मला हे मनापासून चुकीचं वाटतं म्हणून लिहितेय.

इंजिनिअरिंगवाल्याला तिकडे डिग्रीनंतर ओपीटीचं (तिथेच नोकरी करायची परवानगी) एक वर्ष आणि वर स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांची) दोन वर्षं मिळतात. आयआर बहुतेक ठिकाणी स्टेममध्ये धरत नाहीत, म्हणजे बारा महिने, बस. आणि वॉशिंग्टनमध्ये या विषयातल्या ज्या सरकारी नोकऱ्या आहेत, परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, त्या त्यांच्या नागरिकांसाठी आहेत, आपल्या पोरांसाठी नाहीत. ब्रिटनमध्येही फार मोकळं राहिलेलं नाही, ग्रॅज्युएट रूट (डिग्रीनंतर तिथे राहून काम करायचा व्हिसा) दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बीए-एमएवाल्यांना अठरा महिनेच मिळणार. बरं, भारताच्या परराष्ट्र सेवेत जायचं म्हटलं तर यूपीएससीच द्यावी लागते, तिथे डिग्री लंडनची की नाशिकची कोणी विचारत नाही. मग व्हिसावर कशाला ठरवायचं, तिथे शिकवतात काय आणि कसं त्यावर ठरवा ना.

आता आमच्या पोरीचं सांगते. २०२४ चा जानेवारी, तिची दहावीची प्रिलिम चालू होती आणि दाजींचा सीझनचा पहिला द्राक्षांचा कंटेनर पिंपळगावहून न्हावाशेवाला गेला होता. तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले चालू होते म्हणून जहाज सुएझने न जाता आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला निघालं, दहा-बारा दिवस जास्त, भाडंही वाढलेलं, आणि द्राक्ष काही थांबत नाही, मणी टिकला तरी देठ वाळतो आणि देठ वाळला की तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. ही पोरगी रोज रात्री मोबाईलवर जहाज कुठवर आलं ते बघायची, एकदा जेवता जेवता विचारते, "बाबा, येमेनमधल्या लोकांचं आपल्या द्राक्षांशी काय भांडण आहे?" दाजींचा घास हातातच राहिला. त्यानंतर तिने येमेन, इराण, सौदी, गाझा सगळं वाचून काढलं, मग त्याच्या महिनाभर आधी आलेली कांदा निर्यातबंदी आणि आपला कांदा घेणारा बांगलादेश. लासलगावला लिलाव का बंद पडले इथून ती ढाक्यापर्यंत पोचली.

अशा पोरीला, जिच्याकडे प्रश्न आधीच तयार आहे, तिला ब्रिटनलाच पाठवावं असं माझं ठाम मत आहे. तिथे पहिल्या दिवसापासून तोच विषय, तीन वर्षांत बीए (स्कॉटलंडमध्ये चार), दर आठवड्याला वाचायची मोठी यादी, एक लेक्चर आणि मग दहा-पंधरा जणांचा सेमिनार ज्यात न वाचता गेलात तर गप्प बसावं लागतं. मी एमए तिकडेच केलंय, सप्टेंबरमध्ये गेले आणि पुढच्या सप्टेंबरला डिझर्टेशन टाकून मोकळी, ते एक वर्ष मला फार कमी पडलं, म्हणून मी बीएचं म्हणतेय. इतिहास आणि विचार यांच्याकडे त्यांचा ओढा जास्त. या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन (प्राध्यापकपद) १९१९ साली वेल्समधल्या अॅबरिस्टविथला निघालं तेच मुळी पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ, आणि ते वळण मला अजून तिथे दिसतं. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाचं स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिसही त्याच १९१९ चं, पण ते परदेशात काम करणारी माणसं तयार करायला काढलेलं. अमेरिकेत एकूणच आकडेवारी, गेम थिअरी (एकमेकांच्या चालींचं गणित), मॉडेल यांच्यावर भर.

अमेरिका वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षं सायन्स, भाषा, अर्थशास्त्र सगळं चाखून मग मेजर (मुख्य विषय) ठरवता येतो, ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याच्यासाठी ते फार चांगलं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले, तिथे अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र सगळं घेतलं, आणि मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला (एलएसई) रुपयाच्या प्रश्नावर खोल उतरून १९२३ ला डीएससी ही डॉक्टरेट मिळवली. मधे बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून परत यावं लागलं तरी १९२० ला पुन्हा गेले. काळारामाच्या सत्याग्रहाच्या गावात राहून हे आपल्याला आठवायला नको का? आधी रुंद मग खोल, हाही रस्ता आहेच. फक्त इतक्या वर्षांचा खर्च कोण करणार?

कारण पैसा. अमेरिकेतल्या नावाजलेल्या खाजगी विद्यापीठांचा राहण्याखाण्यासकट खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास, आणि तो चार वर्षं. लंडनही स्वस्त नाही पण एक वर्ष कमी. हां, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांनाही घरची परिस्थिती न बघता प्रवेश आणि लागेल तेवढी मदत मिळते. तिथे लागलं तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि डोळे मिटून जा.

कॉलेज रोडच्या एका कन्सल्टन्सीत ताई-दाजी जाऊन आले, त्यांनी अर्ध्या तासात तीन ब्रिटिश विद्यापीठांची नावं दिली, त्यातल्या एकाचाही अभ्यासक्रम उघडून दाखवला नाही. ब्रिटिश विद्यापीठं एजंटला कमिशन देतात हे पालकांनी माहिती ठेवून तिथे बसावं. मी दाजींना म्हटलं, तुम्ही रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात फवारणीच्या औषधांचा अंश किती ते) बघितल्याशिवाय माल भरत नाही, मग पोरीच्या तीन वर्षांचा मॉड्यूलवार (पेपरवार) कागद का नाही बघायचा? दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसून लंडनच्या किंग्स कॉलेजचा वॉर स्टडीज, स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज, एलएसई सगळ्यांचे मॉड्यूल वाचले. पश्चिम आशियावर कुठे काय आहे ते तिने स्वतः वहीत उतरवलं. भाषेचा मात्र माझा आग्रह आहे, जॉर्जटाऊनला परकी भाषा यावीच लागते, ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी सक्ती नाही, पण येमेन समजून घ्यायचा तर अरबी शिक असं तिला सांगून ठेवलंय.

यूकॅसवर (ब्रिटिश विद्यापीठांसाठी अर्ज करायचं पोर्टल) पाच कोर्स टाकता येतात, तिचे चार ठरलेत, जानेवारीच्या मध्यापर्यंत फॉर्म जायला हवा. महाराष्ट्र बोर्डातून बारावी करून तिकडे आयआर किंवा पॉलिटिक्सचं बीए केलेलं, सध्या करत असलेलं कोणी ओळखीत असेल तर प्लीज इनबॉक्स करा, तिला दहा मिनिटं बोलायचंय.