आधी साबण, मग पापा

फ्लूच्या साथीत लहान मुलांना कसं जपावं यावरचा लेख आवडला. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, हे एका ओळीत उरकलंय. अशा वेळी लस घ्यायची ती घरातल्या बाकीच्यांनी. आमच्याकडे इंदूरला रामबागेत नात चार महिन्यांची, नातू साडेतीन वर्षांचा. त्याची पहिलीच वेळ, म्हणून चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस झाले. सुनेने गरोदरपणातच घेतली होती. राहिलो आम्ही म्हातारे! "मला काय धाड भरलीय" म्हणणारे हे शेवटी माझ्याआधी टोचून आले.

खरी पंचाईत पाहुण्यांची. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघून राजवाड्यावरून मंडळी थेट घरी येतात, नि आल्या आल्या बाळाचा पापा! यंदा दारातच साबण दाखवला. शिंकणाऱ्या भाच्याला पोहे-जिलबी ओट्यावरच दिली. वन्संना राग आला. येऊ दे.

अजून एक, तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, क्वचित पण यकृत-मेंदूवर बेततं. श्वास भराभर चालला, दूध सोडलं, लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.