खुलासा : १८९६ ची लंडन–ब्रायटन मोटारफेरी नेमकी कोणाची?

‘रॉयल ऑटोमोबाइल क्लबने १८९६ मध्ये पहिली लंडन–ब्रायटन मोटारफेरी काढली’ असा मेसेज फिरतोय. तारखाच जुळत नाहीत. ती फेरी १४ नोव्हेंबर १८९६ ची, हॅरी लॉसन यांच्या मोटर कार क्लबने काढलेली; मोटारगाडीपुढे एक माणूस पायी चालत ठेवण्याची ब्रिटनमधली कायदेशीर सक्ती उठल्याचा तो जल्लोष होता. रॉयल ऑटोमोबाइल क्लबची स्थापनाच १८९७ ची, तीही ‘रॉयल’शिवाय. तो मान सातव्या एडवर्डने १९०७ मध्ये दिला. गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण त्या फेरीच्या स्मरणार्थ निघणारी जुन्या गाड्यांची दौड १९३० पासून हाच क्लब भरवतो. क्लबला श्रेय द्यायचंच, तर त्याने १९०० मध्ये घेतलेली मोटारगाड्यांची हजार मैलांची चाचणी आहे की! तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.