'रोटरी टूल कायम फुल स्पीडला चालवा' म्हणे!

"रोटरी टूल कायम फुल स्पीडला चालवा, कमी स्पीडला मोटर जळते. कोलेटमध्ये बसेल ती अ‍ॅक्सेसरी चालते. प्लास्टिक जोरात कापलं की कड साफ येते." फिरत फिरत हा मेसेज भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने विचारलं, "मामा, बरोबर आहे ना?" नाही रे बाबा, अजिबात नाही. (रोटरी टूल म्हणजे हातात धरायचं, वेगाने फिरणारं छोटं यंत्र; टोकाला ब्रश, डिस्क अशी अ‍ॅक्सेसरी लावतात आणि तिची दांडी धरून ठेवणारी पकड म्हणजे कोलेट.)

आधी तारेचा ब्रश, कारण डोळा जायचा तर यातच जाईल. रोटरी टूल बनवणाऱ्या ड्रेमेल कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ब्रशसाठी कमाल 15,000 आरपीएम (मिनिटाला फेरे) दिलेत आणि त्यांची काही टूलं 35,000 पर्यंत जातात. वेग 2.3 पट झाला की तारेला बाहेर ओढणारा जोर वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे जवळपास साडेपाच पट. 19 मिमीच्या ब्रशची कड तेव्हा ताशी 125 किलोमीटरने धावत असते. सुटलेली तार त्याच वेगाने निघते आणि टाचणीसारखी रुतते. नवा ब्रश आधी मिनिटभर, तोंडापासून लांब धरून, नुसताच फिरवा; सैल तारा तेव्हाच गळतात. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. आणि ब्रश दाबू नका. काम तारेची टोकं करतात. दाबलं की तारा आडव्या पडतात आणि मोडतात.

प्लास्टिकची साफ कड? फुल स्पीडला अ‍ॅक्रिलिक कापलं जात नाही, वितळतं. डिस्क पुढे गेली की मागची चीर पुन्हा चिकटते. 'बर' म्हणजे कोरायचं दातेरी टोक वापरलं तर त्याच्या दातांत वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा बसतो, मग तो बर नुसता तापतो. खालच्या स्पीडपासून सुरुवात करा, थांबत थांबत कापा.

मोटरचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे कमी स्पीडला हवा कमी खेळते आणि वरून दाब दिला की मोटर तापते. पण मग दाब कमी करायचा! डायल शेवटपर्यंत फिरवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

कोलेटबद्दल थोडक्यात: अ‍ॅक्सेसरीची 2.4 मिमीची दांडी 3.2 मिमीच्या कोलेटमध्ये घालून नट आवळला तरी ती नीट धरली जात नाही, घसरते किंवा डगमगते. आणि दांडी बरोबर बसली तरी पाकिटावरचा कमाल आरपीएम बघायचाच. पातळ कटिंग डिस्कच्या बाजूने घासायचं नाही, ती तुटते. घासायला वेगळे दगड मिळतात.